काजूच्या भाटातलं प्रार्थनाघर: एका छोट्या बाप्तिस्ट मंडळीचं प्रकरण

हे प्रकरण कोणाचं

गोव्याच्या आतल्या तालुक्यातलं, खाणपट्ट्यातलं एक गाव. गावाचं नाव देत नाही, माणसांची तर नाहीच, काही बारीकसारीक गोष्टी मुद्दाम पुसट केल्यात कारण गाव एवढंसं आहे की नुसतं घराच्या दाराचा रंग सांगितला तरी लोक ओळखतील. मी तिथल्या बाप्तिस्ट मंडळीचा, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या छोट्या चर्चचा, सभासद नाही. घरचा हिंदू, नोकरीनं तलाठी, आता रिटायर. बायको तिथली, तिचे वडील मिरजेकडून खाणीवर फिटर म्हणून आले ते इथलेच झाले. त्यामुळं मला तिथं सगळे जावईबापू म्हणतात, आणि नाताळचा केक खाणं आणि वर्षभर सगळ्यांचे सरकारी कागद बघून देणं हे माझं खातं.

सुरुवात झाली ती इतिहासावरून. मंडळीला पन्नास वर्षं होत आली म्हणून पुस्तिका काढायचं ठरलं, मला म्हणाले तुम्ही लिहा, तुमचं मराठी बरं आहे. मी म्हटलं दोन महिन्यांत देतो. त्याला साडेतीन वर्षं झाली, पुस्तिका अजून छापलेली नाही, आणि मधल्या काळात जे झालं ते हे.

पार्श्वभूमी

गोव्यात ख्रिस्ती म्हटलं की डोळ्यासमोर इगर्ज (कॅथलिक चर्च) येते, पाद्री, फेस्त (चर्चचा उत्सव), सिमितेर (दफनभूमी). १५१० ला पोर्तुगीज आले, तिसवाडी, बारदेस, साष्टी ह्या जुन्या काबिजादी (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला मुलूख), तिथं कॅथलिक धर्म रुजला. आमचे आतले तालुके नव्या काबिजादीतले, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हातात गेलेले, तोवर धर्मांतराचा पहिला जोर ओसरला होता, म्हणून इकडं देवळंच जास्त. इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षं सोडून. ह्यात प्रोटेस्टंट माणसाला शिरायला फट कुठली. गंमत बघा, गोव्यात इन्क्विझिशन अजून चालू होतं त्याच वेळी तिकडं बंगालात विल्यम केरी नावाचा बाप्तिस्ट, मूळचा बूट शिवणारा माणूस, वैजनाथ पंडितांना हाताशी धरून मराठीचं व्याकरण छापत होता, साल १८०५, आणि १८१० ला मराठी कोश, तो पण मोडी लिपीत. मराठीशी बाप्तिस्टांचं नातं एवढं जुनं, पण मराठी मुलखात त्यांच्या मंडळ्या तशा थोड्याच.

१९६१ ला गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त झाला, त्यानंतर खाणी वाढल्या. लोखंडाचं खनिज ट्रकनं नदीपर्यंत, तिथून बार्जनं मांडवी-झुआरीतून मुरगाव बंदरात, आणि तिथून जपानला. माणसं लागायची, ती महाराष्ट्रातून आली, कर्नाटकातून आली. त्यांच्यात मिरज-कोल्हापूरकडची आणि नगरकडची काही प्रोटेस्टंट घरं होती. ही घरं बाप्तिस्ट नव्हती हे लक्षात ठेवा, पुढं सगळं ह्याच्यावर आहे. नगरची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची, कोल्हापूर-मिरजेची प्रेस्बिटेरियन, दोन्हीकडं बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा होतो.

पहिली भक्ती कोणी सुरू केली ह्याच्यावर पुस्तिकेच्या पहिल्याच मीटिंगला भांडण झालं. सगळे म्हणतात जुन्या पाळकांनी. मंडळीची सभांची जुनी वही सांगते पाळक येण्याच्या आधी चार वर्षं खाणीच्या दवाखान्यातली एक नर्स आपल्या क्वार्टरमध्ये दर आठवड्याला प्रार्थना घेत होती, रविवार असेल असं नाही, शिफ्ट सुटेल तसं. त्या अजून आहेत, नव्वदीला टेकल्यात, सगळे त्यांना सिस्टर मावशी म्हणतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मी कसली मंडळी काढतेय, चहा करत होते, लोक येत होते."

मग बेळगावकडून एक पाळक आले, ते बाप्तिस्ट, आणि लोकांना ते आवडले म्हणून मंडळी बाप्तिस्ट झाली, असं सरळ आहे. बाप्तिस्टांचं म्हणणं असं की तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा नाही, माणूस कळता झाला, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल केला की मग, आणि तो पण अख्खा पाण्यात बुडवून. केरीच्या हातचा पहिला बंगाली बाप्तिस्मा १८०० च्या डिसेंबरात हुगळी नदीत झाला तसाच आमच्याकडं नदीत व्हायचा, डिसेंबर-जानेवारीत, कारण पावसाळ्यात खाणीच्या मातीनं नदी तांबडीलाल. दुसरी गोष्ट म्हणजे ह्या लोकांच्या वर कोणी नाही. बिशप नाही, डायोसिस नाही. मंडळीची सभा भरते, सभासद हात वर करतात, ठराव वहीत जातो, संपलं. सरकारी नोकरीत जन्म घालवलेल्या माझ्यासारख्याला हे लय भारी वाटायचं, पण वर कोणी नाही म्हणजे जमिनीचे कागद सांभाळायला पण वर कोणी नाही, हे मला सुद्धा उशिरा कळलं.

भाई आणि ते भाट

आता भाई. हे मूळचे ह्याच गावचे, मराठी बोलणाऱ्या जुन्या हिंदू घरातले. तरुणपणी मुंबईला गेले, गोदीत कामाला होते, तिथं ख्रिस्ती झाले. चांगले तिशीचे असताना, स्वतःच्या मर्जीनं, पण ज्या मंडळीत झाले तिथं पाणी डोक्यावर ओतायची रीत. लिबरेशननंतर परत आले, खाणीवर फोरमन लागले. बायको, आमच्या काकी, इथलीच, ती शेवटपर्यंत तुळशीला पाणी घालत राहिली, ह्यांनी कधी आडकाठी केली नाही. वडिलांकडून आलेलं काजूचं भाट (बागायत) होतं रस्त्याला लागून. भाई एका सभेत उभे राहिले आणि म्हणाले क्वार्टरमध्ये किती दिवस दाटीवाटीनं बसायचं, माझ्या भाटाचा रस्त्याकडचा कोपरा घ्या आणि बांधा.

मंडळीनं बांधलं. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं. (ही कौलं पण मिशनवाल्यांचीच देणगी, १८६० च्या दशकात बासेल मिशननं मंगळुरात कारखाना घातला तिथून सगळ्या किनाऱ्यावर पसरली. देऊळ असो, मशीद असो, आपलं घर असो, सगळ्यांच्या डोक्यावर तीच.) चिरे बायकांनी सुद्धा वाहिले, माझी सासू सांगायची.

वही चाळताना मला ते पान सापडलं. एकाच पानावर, एकाच सभेचे, लागोपाठ दोन ठराव. पहिला असा की भाईंनी दिलेली जागा मंडळी आभारपूर्वक स्वीकारत आहे. दुसरा असा की ज्यांचा बाप्तिस्मा बुडवून झालेला नाही त्यांना प्रभुभोजन (भाकरी-द्राक्षरसाचा विधी) घेता येईल, साक्ष देता येईल, पण सभेत मत नाही आणि डीकन (मंडळीचा कारभारी) होता येणार नाही. म्हणजे ज्या माणसाची जमीन घेतली त्यालाच त्याच सांजेला, त्याच पेनानं, मताच्या बाहेर काढला. मिरज-नगरच्या बाकीच्या घरांनी काय केलं तर एकेक करून नदीत उतरले. भाई उतरले नाहीत. सिस्टर मावशींना त्यांचे शब्द पाठ आहेत: "मी शहाणपणी, माझ्या तोंडानं कबुली दिली. पाणी किती होतं ते देवानं लिटरवर मोजलं काय?" तरी पुढं तीस-बत्तीस वर्षं दर रविवारी आले, मागच्या बाकावर बसले आणि सभा सुरू झाली की उठून बाहेर काजूखाली जाऊन उभे राहायचे. हे मी स्वतः बघितलंय, मला वाटायचं विडी ओढायला जातात.

अडचण

२०१२ ला खाणी बंद पडल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि परत सगळं ठप्प. ट्रक दारात गंजत उभे. निम्मी घरं गेली, कोणी पुण्याला, कोणी परत मिरजेला. साठ-सत्तर माणसांची मंडळी पंचविशीवर आली. त्यात कोविडनंतरच्या पहिल्या पावसात मागचा वासा बसला आणि कौलं खाली आली. आमच्याकडं वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आतल्या भागात त्याहून जास्तच, त्यामुळं छप्पर हा पुढच्या वर्षी बघू म्हणायचा विषय नसतो.

दुरुस्तीच्या परवानगीला जागेचा कागद मागितला. आणि तिथं गाडी अडली. घरपट्टी जुन्या पाळकांच्या नावावर, ते वारले. विजेचा मीटर तिसऱ्याच एका सभासदाच्या नावावर, तो गाव सोडून गेला. आणि एक-चौदाच्या उताऱ्यात (गोव्यातला सातबारा म्हणा) कब्जेदार म्हणून भाई, फक्त भाई, इतर हक्काच्या रकान्यात मंडळीचं नाव नाही, प्रार्थनाघराचा उल्लेख नाही. भाई पण वारलेले, काकी पण गेल्या.

इथं माझी चूक आधीच सांगून टाकतो. हा उतारा मी वीस वर्षांपूर्वी बघितला होता, नोकरीत असताना, सहज. तेव्हा भाई जिवंत होते, काकी जिवंत होत्या, एका दिवसाचं काम होतं. मी बायकोला म्हटलं, राहू दे, कोण विचारतोय.

तोंडी दिलेली जमीन कायद्यात दिलेली नसतेच, बक्षीसपत्र लागतं, दोन साक्षीदार, नोंदणी. बाहेरच्यांना एवढंच माहीत असतं, पण गोव्यात त्याच्या पुढं अजून एक पायरी आहे. इथं पोर्तुगीज सिव्हिल कोड, १८६७ चा, कुटुंबापुरता अजून चालतो, वारसाहक्काचे नियम २०१६ पासून गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आलेत, जवळजवळ सगळ्या धर्मांना एकच. वेगळा करार केला नसेल तर लग्न झालं की नवराबायकोची मालमत्ता सामाईक, वडिलार्जित सुद्धा. त्यामुळं काकींच्या सहीशिवाय भाईंना ती जागा देताच येत नव्हती. शिवाय मुलं असली की माणसाला आपल्या वाट्यातला अर्धाच भाग मर्जीनं देता येतो, बाकीचा अर्धा वारसांचा ठरलेला. वहीतला तो आभाराचा ठराव मी वकिलांना दाखवला, त्यांनी वाचला, हसले आणि म्हणाले, "अक्षर सुंदर आहे."

वारस तीन. थोरला मुलगा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला, स्विंडनला, आपल्या गोंयकारांचं दुसरं गावच ते. मुलगी गावातच, तिला आम्ही बाय म्हणतो. धाकटा मुंबईला. तिघांची लग्नं झालेली, आणि जोडीदाराचा हक्क आलाच, म्हणजे तीन वारस म्हणजे सहा सह्या. थोरल्याला भाट विकायचं होतं. बायला प्रार्थनाघर राहिलं तर हवं होतं. धाकट्यानं फोनवर पाळकांना (आत्ताचे, तरुण आहेत) एवढंच सांगितलं: "माझ्या बाबांना तुमच्यात मत नव्हतं. जागा मात्र चालली. मेले तेव्हा तुमच्यातलं कोणी घरी येऊन विचारलं नाही की त्यांना पुरायचं की जाळायचं." आणि फोन ठेवला.

हे खरं होतं. भाई गेले तेव्हा मुलांनी घरच्या रीतीनं दहन केलं. मंडळीचे लोक स्मशानात मागं उभे राहिले, मनातल्या मनात प्रार्थना केली आणि परत आले. तेव्हाच्या पंचांचं म्हणणं पडलं की ते पूर्ण सभासद नव्हते, आपण कसं बोलणार. शिवाय आपली स्वतःची पुरायची जागा नाही, सिमितेर इगर्जीचं, तिथं दर वेळी पाद्रींना जाऊन विनंती करावी लागते, तो प्रश्न वेगळाच आहे आणि तो अजून तसाच आहे.

काय काय पर्याय होते

सभा भरली, रात्री अकरापर्यंत चालली. कोर्टात जाऊ, पन्नास वर्षं कब्जा आहे असं दोघातिघांचं म्हणणं. वकिलांनी ते तिथंच कापलं. बारा वर्षांचा प्रतिकूल कब्जा म्हणतात तो मालकाच्या विरुद्ध बसलेल्यांसाठी, तुम्ही तर मालकाच्या परवानगीनं बसला होता, आणि परवानगी होती हे तुमचीच वही ओरडून सांगतेय.

मग एकानं मुंडकाराची आयडिया काढली, आणि हा पर्याय सगळ्यात मोहाचा होता म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९७५ चा मुंडकार कायदा दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला संरक्षण देतो, घर आणि आजूबाजूची जागा विकत घ्यायचा हक्क पण देतो, पंचायत हद्दीत ३०० चौरस मीटरपर्यंत. प्रार्थनाघर हे राहतं घर नाही म्हणून मंडळीला तो लागत नाही. पण जुने पाळक मागच्या खोलीत वर्षानुवर्षं राहत होते, घरपट्टी त्यांच्याच नावावर, तेव्हा त्यांच्या मुलाच्या नावानं मुंडकाराचा दावा लावायचा आणि मिळालं की मंडळीला द्यायचं. मला तलाठी म्हणून विचारलं, चालेल का? मी म्हटलं ममलेदारांसमोर चालेल की नाही माहीत नाही, कदाचित उभा राहील. पण भाईंनी जागा कोणाला दिली, पाळकांना की मंडळीला? आणि त्या मुलाच्या नावावर गेल्यावर उद्या तो नाही म्हणाला तर तुम्ही कोणाकडं जाणार, वर तर कोणी नाही तुमच्या. पाळकांचा मुलगा तिथंच बसला होता, त्यानं स्वतःच नको म्हणून सांगितलं. त्यानं हो म्हटलं असतं तर सभा त्या बाजूला गेली असती असं मला अजूनही वाटतं.

कोणत्यातरी मोठ्या संस्थेत सामील व्हायचं, हे पण निघालं. १९७० ला नागपुरात उत्तर भारताची मंडळी म्हणून जी संयुक्त मंडळी झाली तिच्यात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काही बाप्तिस्ट सगळे आले होते आणि तिथं बाळाचा बाप्तिस्मा पण चालतो आणि मोठ्यांचा पण. पण पंचवीस माणसांच्या, छप्पर पडलेल्या, जमीन नसलेल्या मंडळीला कोण कशाला घेईल, आणि घेतलं तरी जमिनीचा गुंता आहे तो आहेच. घराघरात भक्ती करायची हा पर्याय जुन्यांना चालत होता, पोरांना नव्हता. उरलं एकच, वारसांशी बोलणं.

वही वाचली तो दिवस

बोलायचं तर काय बोलायचं. पंचांनी पत्राचा मसुदा केला, त्यात आधी माफी आणि दुसऱ्या परिच्छेदात जागेचा विषय. सिस्टर मावशींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "माफी मागायची तर जमीन विसरून मागा. नाहीतर मागूच नका, ती पोरं काय लहान आहेत?" इथं मंडळी खरोखर दोन तुकड्यांत उभी राहिली. एक बाजू म्हणे पाऊस दोन महिन्यांवर आलाय, आत्ता नाही बोललो तर भिंती जातील. दुसरी म्हणे ह्या पावसात ताडपत्री घाला. शेवटी ताडपत्री घातली.

त्याआधी एक मोठी सभा घेतली, आणि मी सभासद नसताना मला वही वाचायला लावली. त्या पानावरचे दोन्ही ठराव मोठ्यानं वाचले. कोणी काही बोलेना. मग मी माझ्याकडून थोडं घातलं, इतिहास लिहायला बसलो होतो म्हणून वाचलेलं. बाप्तिस्टांची पहिली मंडळी १६०९ ला ॲमस्टरडॅममध्ये झाली, जॉन स्मिथ नावाचा इंग्रज पाळक आणि त्याच्याबरोबर थॉमस हेलविस. त्या स्मिथनं स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा दिला, आणि तो पाणी ओतून. बुडवायची रीत इंग्लंडात त्यानंतर तीसेक वर्षांनी, १६४१-४२ च्या सुमाराला आली. म्हणजे तुमच्या ठरावाप्रमाणं जॉन स्मिथ पण काजूखाली जाऊन उभा राहिला असता. मागच्या बाकावरची पोरं हसली. एका जुन्या डीकनला राग आला, तो म्हणाला जावईबापू, आमची श्रद्धा तुमच्याकडून शिकायची का, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मी जरा जास्तच बोललो. पण आत्ताच्या पाळकांनी धरून ठेवलं, ते म्हणाले जॉन बनियन बाप्तिस्टच होता आणि त्यानं १६७३ लाच लिहून ठेवलंय की पाण्याच्या पद्धतीवरून प्रभुभोजनाला आडवं येऊ नये. डीकन म्हणाला प्रभुभोजन आपण दिलंच होतं भाईंना, प्रश्न मताचा आहे. तेही बरोबर.

मतदान झालं, चिठ्ठ्यांनी. ज्यानं कळत्या वयात स्वतः कबुली दिली त्याला पाणी कसंही असलं तरी मत, असा ठराव. १४ बाजूनं, ७ विरोधात. बाळपणीच्या बाप्तिस्म्याचा मुद्दा मुद्दाम सोडला, तो आणला असता तर ठराव पडला असता. दोन कुटुंबं त्यानंतर यायची थांबली, त्यातलं एक त्या डीकनचं.

मग पत्र गेलं, तिघांना वेगवेगळं, हातानं लिहिलेलं. दोन्ही जुन्या ठरावांची झेरॉक्स, नव्या ठरावाची झेरॉक्स, आणि भाईंच्या अंत्यविधीच्या वेळी आम्ही घरी आलो नाही हे चुकलं, एवढंच. जागेचा शब्द नाही.

निष्पन्न काय झालं

पाच महिने काही नाही. ताडपत्रीनं पाऊस काढला, मागची भिंत थोडी फुगली. दिवाळीच्या सुमाराला बायनंच विषय काढला, घरी फराळाला गेलो होतो तेव्हा. तिचं म्हणणं, वाटणी व्हायचीच आहे, रस्त्याकडचा तुकडा माझ्या वाट्याला घेते आणि मग मी बघते. थोरल्याला विकायला मोठा भाग मिळत होता म्हणून त्याला चाललं. सक्सेशन डीड, मोजणी, वाटणी, सनद, ह्या चार शब्दांत पावणेदोन वर्षं गेली, त्यात स्विंडनहून पॉवर ऑफ ॲटर्नी यायलाच सहा-सात महिने, एकदा बायकोच्या नावाचं स्पेलिंग चुकलं म्हणून परत पाठवली.

तोवर मंडळीनं सोसायटी रजिस्टर केली, १८६० च्या कायद्याखाली, सात जणांच्या सह्या लागतात. महाराष्ट्रातून आलेल्यांना वाटतं धर्मादाय आयुक्तांकडं ट्रस्ट नोंदवायचा, पण तो कायदा गोव्यात नाही, सोसायटीचाच रस्ता धरावा लागतो. सातमध्ये सिस्टर मावशींची सही पहिली घेतली. बायनं आणि तिच्या नवऱ्यानं बक्षीसपत्र केलं, अख्ख्या कोपऱ्याचं नाही, इमारत आणि भोवतीचे तीन मीटर एवढंच. पूर्वी नाताळचा मांडव जिथं पडायचा ती जागा आता कुंपणापलीकडं आहे, ते भाट कोणीतरी दिल्लीवाल्यानं घेतलं म्हणतात. छप्पर झालं, कौलं जुनीच निवडून वापरली, वासे नवे.

धाकट्यानं सगळीकडं सह्या केल्या, पण आला नाही. त्याच्याकडून एक पाकीट आलं, पत्र नाही, भाईंच्या मुंबईच्या बाप्तिस्म्याचा दाखला, पिवळा पडलेला, मूळ प्रत. पंचांनी तो वहीत त्या जुन्या पानाला लावून ठेवलाय.

आज परत करायचं झालं तर

मी नोकरीत असताना तो उतारा बघितला त्या दिवशी भाई-काकींना गाडीत घालून नोंदणीला नेलं असतं. हे सगळ्यात वर. तुमच्या मंडळीची, भजनी मंडळाची, वाचनालयाची जागा कोणाच्या शब्दावर उभी असेल तर देणारा आणि त्याची बायको, किंवा देणारी आणि तिचा नवरा, दोघं हयात असताना जा. गोव्यात एकाच्या सहीनं भागत नाही.

घरपट्टी, मीटर, उतारा एकदा शेजारी शेजारी ठेवून बघायचे, आम्ही पन्नास वर्षांत कधी ठेवले नव्हते.

ठरावाच्या बाबतीत माझं मत अजून पक्कं नाही. आधी मताचा नियम बदलला आणि मग पत्र पाठवलं, ते योग्यच वाटतं, पण तो डीकन मंडळीतला चाळीस वर्षांपासूनचा माणूस, त्याला आधी घरी जाऊन भेटायला हवं होतं, मी भर सभेत जॉन स्मिथ काढायला नको होता. पाळक दोनदा जाऊन आले, तो चहा देतो, येत नाही. आणि एक पाऊस वाट बघण्याचा निर्णय, तो भिंतीला महाग पडला, चिऱ्याचं काम परत करावं लागलं. बायला मी नंतर विचारलं, पत्रात जागेचं लिहिलं असतं तर? ती म्हणाली धाकट्यानं फाडलं असतं, मी काय केलं असतं ते सांगत नाही.

पुस्तिकेचा पहिला पाठ सिस्टर मावशींच्या क्वार्टरपासून सुरू केलाय, त्यांनी तो वाचून चहाच्या पुढचं सगळं खोडायला सांगितलंय, ते चालू आहे. मीटर अजून त्या गाव सोडून गेलेल्या माणसाच्याच नावावर आहे, त्याचा नंबर मिळालाय, पुढच्या आठवड्यात फोन करतो.